स्वस्त निघालं की चूक

मुन्शी घाटावर नावेचा भाव ठरवताना माणसाचं निम्मं पुण्य तिथेच खर्ची पडतं. नावाडी आधी तुमचे बूट बघतो, मग गळ्यातला कॅमेरा, मग तुमचं हिंदी ऐकतो आणि त्यातल्या मराठी हेलाचाही अधिभार लावून एक आकडा सांगतो. तुम्ही निम्म्यावर येता. तो गंगामैया, पोरंबाळं आणि डिझेल अशा तिघांची साक्ष काढतो. तुम्ही पाठ फिरवून अहिल्याबाई घाटाच्या दिशेने चार पावलं टाकता. मागून हाक येते. सौदा ठरतो. पुढे तो आरतीला थांबायचे वेगळे मागेल, पलीकडच्या वाळूत उतरायचे वेगळे मागेल, फोटोसाठी वल्हं हातात दिल्याचेही मागून बघेल. पण नाव मधोमध नेऊन, ‘क्षमा कीजिए, भाव में तकनीकी गड़बड़ी थी, आप यहीं उतर जाइए,’ असं म्हणणारा नावाडी काशीत अजून जन्माला यायचा आहे.

त्यासाठी मोठी कंपनी लागते.

डिसेंबर २०१४ ची गोष्ट. ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याला अॅमेझॉनवर एक लॅपटॉप दिसला. मूळ किंमत २३,४९९ रुपये, सूट २३,३०९ रुपये, द्यायचे फक्त १९०. त्या पैशांत लॅपटॉपची पिशवीही येत नव्हती. पोरगा कायद्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीकडे आदराने बघायचं शिक्षण झालेलं. त्याने मागणी नोंदवली, ती पक्की झाल्याचा निरोपही आला. दोनेक तासांत फोन आला की ऑर्डर रद्द. कारण काय, तर ‘प्राइसिंग रिसेशन इश्यू’. जगात मंदी आली की भाव उतरतात. इथे भाव उतरला म्हणून मंदी जाहीर झाली.

त्याने दुसरा लॅपटॉप २२,८९९ रुपयांना घेतला आणि ग्राहक मंचाची पायरी चढला. मंचाने दहा हजार भरपाई आणि दोन हजार खर्च देवविला. पठ्ठ्याचं तेवढ्यावर समाधान होईना. तो वर गेला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य आयोगाने मनस्तापाचे तीस हजार, दंडापोटी दहा हजार आणि खर्चाचे पाच हजार द्यायला सांगितले. सहा वर्षं लागली. तेवढ्यात लॅपटॉपचं आयुष्य संपतं, पण निकाल मात्र नवाकोरा हाती आला.

पंजाबातल्या संगरूरची गत याहून मजेची. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या एका विद्यार्थ्याला स्नॅपडीलवर ४६,६५१ रुपयांचा आयफोन ६८ रुपयांना दिसला. सूट ९९.८५ टक्के. उरलेले ०.१५ टक्के का ठेवले, हे कोडंच आहे. कंपनीने ऑर्डर झटकली. ग्राहक मंच म्हणाला, फोन द्या, ६८ रुपयांतच द्या आणि वर दोन हजार दंड भरा. कंपनीने त्यावर दाद मागितली, तर दोनाचे दहा हजार झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता मला एक प्रश्न पडतो, आणि तो फार साधा आहे. यंत्र चुकतं, मान्य. माणूस आकडे भरतो, शून्य पडायचं राहतं, स्वल्पविराम घसरतो, मान्य. पण हे शून्य नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूनेच कसं पडतं? किंमत चुकून दुप्पट लागली म्हणून रात्री दोन वाजता कंपनीचा फोन आला, ‘साहेब, तुमच्याकडून जास्त घेतले, झोप लागेना’, असं कोणाच्या घरी घडलंय? घडत नाही, कारण दुप्पट भाव ही चूक नसते. त्याला ‘मागणी’ म्हणतात.

जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये महाकुंभ भरला होता. प्रयागराजच्या विमानाची तिकिटं पाहून भाविकांना संगमावर न जाताच मोक्षाचा अनुभव येत होता. शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला विमान कंपन्यांना सांगावं लागलं की फेऱ्या वाढवा आणि भाडी जरा ताळ्यावर आणा. एकाही कंपनीच्या संगणकाला त्या दिवसांत ‘अरेच्चा, एक शून्य जास्त पडलं’ असा झटका आला नाही. संगणक अगदी ठणठणीत होता. त्याच जानेवारीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. तक्रार अशी की एकाच प्रवासाचा भाव आयफोनवर वेगळा दिसतो आणि अँड्रॉइडवर वेगळा. कंपन्यांनी इन्कार केला. आमचा मुन्शी घाटावरचा नावाडी निदान बूट तरी उघडपणे बघतो.

या घाटाचा आणि हिशेबाचा संबंध जुना आहे. घाट बांधला श्रीधर नारायण मुन्शी यांनी, आणि हे गृहस्थ नागपूर दरबारात खजिन्याचे मंत्री होते. म्हणजे काशीत पुण्य कमवायलाही आपण हिशेबाचा माणूस पाठवला होता. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या राजघराण्याने इथली जागा विकत घेतली, शेजारचा दरभंगा घाट त्यातून उभा राहिला, आणि जो दगडी राजवाडा पर्यटक मान वर करकरून पाहतात तिथे आता चैनीचं हॉटेल आहे. व्यवहार झाल्यावर नागपूरहून दरभंग्याला ‘किंमत चुकीची पडली, घाट परत करा, पैसे पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत जमा होतील’ अशी तार गेल्याची नोंद कुठे नाही. मागासलेला काळ होता. सिस्टम नव्हती.

सिस्टम काय असते ते नागपूरच्याच माझ्या मावशीला नीट कळलं. मावशीचं भिशी मंडळ आहे. या बायकांनी मिळून काशीची देवदिवाळी बघायचं ठरवलं. इथे एक बारीकशी अडचण आहे, आणि मावशीने तिचंच शस्त्र केलं. आपल्याकडची देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. काशीतली कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला. दोन्हींत पंधरवड्याचं अंतर. शिवाय तिथी इंग्रजी तारखेला जुमानत नाही. २०२३ मध्ये काशीची देवदिवाळी २७ नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. घाटामागच्या गल्लीतल्या लॉजचा संगणक तारखेवर चालतो. कोणीतरी बसून त्याला ‘बाबा रे, यंदा पौर्णिमा या दिवशी’ असं सांगावं लागतं, तेव्हा तो तिप्पट-चौपट भाव लावतो. आणि हे सांगायचं त्या वर्षी उन्हाळ्यात कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मावशीच्या स्वयंपाकघरात मात्र कालनिर्णय टांगलेलं होतं.

तिने पंचांग बघून ऐन पौर्णिमेच्या आदल्या रात्रीपासूनच्या खोल्या नेहमीच्या साध्या भावात नोंदवल्या. पूर्ण पैसे भरले. ‘अभिनंदन, तुमचं बुकिंग पक्कं झालं’ असा रंगीत निरोप आला, त्याची तिने छापील प्रत काढून देवघराच्या फडताळात ठेवली. भिशीत तिचा भाव वधारला.

नवरात्र संपलं आणि तिकडच्या मॅनेजरला जाग आली.

‘माताजी, वो रेट सिस्टम की गलती से चला गया था.’

‘मंग?’

‘अब उस दिन का रेट अलग है. आप डिफरन्स भर दीजिए, नहीं तो कॅन्सल करना पड़ेगा.’

‘गलती किसने की?’

‘सिस्टम ने, माताजी.’

‘तो सिस्टम को बोलो ना भरने को.’

फोन बंद. संध्याकाळी ‘तुमचं बुकिंग रद्द करण्यात आलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा संदेश आला. रात्री माझ्या मावसभावाने सहज ते अॅप उघडलं, तर त्याच खोल्या तिथे नव्या भावात मांडलेल्या, वर ‘३०% सूट’ अशी पट्टी आणि खाली लाल अक्षरात ‘शेवटची एकच खोली शिल्लक!’ मावशीच्या चार खोल्या रद्द करून एक शिल्लक कशी राहिली, हे गणित मुन्शींनाही सुटलं नसतं.

गंमत अशी की मावशीच्या बुकिंगमध्ये टंकलेखनाची चूक नव्हतीच. १९० रुपयांचा लॅपटॉप नव्हता, ६८ रुपयांचा फोन नव्हता. तो त्या लॉजचा बाराही महिने चालणारा भाव होता. उन्हाळ्यात तो बरोबर होता. नवरात्रानंतर, गिऱ्हाइकांची झुंबड दिसल्यावर, तोच भाव मागच्या तारखेपासून चुकीचा ठरला. मावशीने तारीख बघून खोली घेतली तर ती लबाडी. लॉजवाल्याने तीच तारीख बघून भाव वाढवला तर तो धंदा.

हे फक्त काशीत चालतं असं समजू नका. दादरच्या एका गिऱ्हाइकाने जुलै २०२२ मध्ये फ्लिपकार्टवर ३९,६२८ रुपये भरून आयफोन मागवला. दोन दिवसांत येणार होता. आला नाही. सहा दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा संदेश आला. विचारलं तर उत्तर मिळालं की आमचा माणूस तुमच्या दारात येऊन येऊन थकला, तुम्हीच घरी नव्हता. पुन्हा मागवा म्हणाले. पुन्हा मागवायला गेला तर भाव वाढलेला. मध्य मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये स्पष्टच म्हटलं की जादा नफ्यासाठी ऑर्डर मुद्दाम रद्द केली. दहा हजार भरपाई, तीन हजार खर्च. ‘आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेता वेगळाच’ हा बचाव आयोगाने ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. पैसे घेताना हे एकटे असतात, अंगावर आलं की यांचं एकत्र कुटुंब होतं.

याच कंपनीने ६ ऑक्टोबर २०१४ ला पहिला ‘बिग बिलियन डे’ साजरा केला होता, तेव्हा संकेतस्थळ कोलमडलं, भाव वरखाली झाले, ऑर्डरी उडाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही संस्थापकांनी देशाला माफीचं पत्र लिहिलं. त्या काळी निदान पत्र तरी येत असे. आता यंत्रमानव येतो. ‘मी तुमची अडचण समजू शकतो’ म्हणतो.

कायदा काय म्हणतो? कायदा दोन्ही बाजूंना पान वाढतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२ सांगतं की एकाच पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली, एवढ्यावरून करार मोडता येत नाही. मावशी खूश. पण कंपनीचा वकील उठून म्हणतो की मुळात करार झालाच कुठे? दुकानाच्या फळीवर भावाची चिठ्ठी लावून माल मांडला म्हणजे विकण्याचं वचन होत नाही, ते गिऱ्हाइकाला ‘या, मागून बघा’ असं आमंत्रण असतं. इंग्लंडच्या न्यायालयाने १९५३ मध्ये बूट्स नावाच्या औषधवाल्यांच्या खटल्यात हे सांगून ठेवलंय, आणि तेव्हापासून ते जगभरच्या दुकानदारांचं कुलदैवत आहे. त्याच्या पुढे जाऊन बहुतेक बड्या संकेतस्थळांच्या अटींत असतं की तुमची ऑर्डर हा तुमचा नुसता प्रस्ताव आहे, माल रवाना होईल तेव्हाच आमचा होकार. म्हणजे तुम्ही पैसे भरता, ‘अभिनंदन’ येतं, खात्यातून रक्कम जाते, कागदी फटाके उडतात, आणि तरी लग्न ठरलेलं नसतं. मुलीकडच्यांनी हुंडा आगाऊ दिला आणि मुलाकडचे अजून विचार करताहेत.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते कलम वेगळंच आहे. जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले. त्यातल्या चौथ्या नियमाचा आठवा पोटनियम असा, की गिऱ्हाइकाने पक्की केलेली खरेदी रद्द केल्यावर त्याच्याकडून रद्द-शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून, कोणत्याही कारणाने, एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क तिनेही सोसलं पाहिजे. वाचताना डोळे पाणावतात. सरकारी भाषेत इतकी सरळ फिट्टंफाट मी क्वचित पाहिली आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादीही निघाली. खोटी घाई करणं त्यात आहे, आमिष एकाचं दाखवून दुसरंच गळ्यात मारणं आहे, किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं आहे. ‘शेवटची एकच खोली’ कुठल्या क्रमांकाची क्लृप्ती, हे ज्याचं त्याने शोधावं.

आता थोडं आपल्याही ताटाखाली बघू. टेलिग्रामवर ‘लूट डील’ नावाचे गट आहेत. कुठे शून्य गळलं की अर्ध्या मिनिटात तिथे आरोळी उठते आणि लोक दहा-दहा मिक्सर मागवतात. हे मिक्सर काही दहा बहिणींच्या रुखवतासाठी नसतात. सिंगापुरात जानेवारी २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचा एचपीचा प्रिंटर एका संकेतस्थळावर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा मित्रांनी मध्यरात्री एकमेकांना उठवून मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. न्यायालयाने विचारलं, एवढे प्रिंटर कशाला? भाव चुकलाय हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, सबब करार रद्द. मला हा निकाल पटतो. एक मागवणारा भाबडा असू शकतो, दीडहजार मागवणारा व्यापारीच असतो. उलट २०१९ च्या प्राइम डेला अमेरिकेत तेरा हजार डॉलरची कॅमेऱ्याची भिंगं ९४ डॉलर ४८ सेंटला गेली, आणि अॅमेझॉनने ती मुकाट्याने पोचती केली. त्यामुळे कंपनी बुडाली, असं काही वाचनात आलं नाही.

म्हणजे शब्द पाळणं जमतं. कुठे पाळायचा याची मात्र निवड असते. जिथे गिऱ्हाईक लगेच न्यायालयात जातं, वर्तमानपत्रात बोभाटा होतो, तिथे पाळायचा. आपल्याकडे गिऱ्हाईक ‘जाऊ दे, पैसे परत आले ना’ म्हणतं आणि काशीला जाऊ, काशीला जाऊ म्हणत राहण्याचंच पुण्य घेतं. पैसे परत येतात हे खरं. मधले पाच-सात दिवस ते बिनव्याजी कुठे फिरून येतात हे कोणी विचारत नाही. लाखभर लोकांचे दोन-दोन हजार सात दिवस फुकट वापरायला मिळाले, तर मीही भाव चुकवीन.

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायची आपल्याकडे रीत आहे. कोणी कारलं सोडतं, म्हणजे जे आधीच आवडत नव्हतं तेच सोडून पुण्य पदरात पाडून घेतं. त्या लॉजवाल्याने दिलेला शब्द सोडला. तोही त्याला फारसा आवडत नसावा.

मावशीचं म्हणाल तर ती गेली. ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, त्यांतल्या एका गुरुजींच्या घरी भिशी मंडळाची सोय लागली. त्यांनी भाव सांगितलाच नाही, ‘यथाशक्ती’ म्हणाले, त्यामुळे तो चुकायचा प्रश्न आला नाही. (बायकांनी आपापसात ‘यथाशक्ती म्हणजे किती’ यावर रात्री बारापर्यंत चर्चा केली, ते सोडा.) पौर्णिमेला नाव केली. नावाड्याने भाव अर्थातच अस्मानाला भिडवलेला होता, पण तो घाटावर उभ्या-उभ्या, तोंडावर सांगितला, आणि ठरल्यावर शेवटपर्यंत नेलं.

नागपूरला परतल्यावर मावशीने फडताळातली ती छापील प्रत काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात रद्द करण्याच्या अटी होत्या: मुदतीनंतर बुकिंग रद्द केल्यास प्रत्येक खोलीमागे एका रात्रीचं भाडं कापलं जाईल. तिने चष्मा लावला आणि बिल केलं. चार खोल्या, प्रत्येकी एक रात्र. भाडं मात्र जुनं नाही धरलं, देवदिवाळीचं नवं धरलं. लॉजच्याच म्हणण्यानुसार तोच बरोबर भाव होता. खाली नियम चार, पोटनियम आठ असा हवाला दिला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्याचं कळवलं, पैसे पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत जमा करावेत म्हणून बजावलं, आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहे’ अशी सही केली.

अॅपकडून उत्तर आलं की ग्राहकाने हॉटेलला शुल्क लावण्याचा पर्याय सध्या सिस्टममध्ये उपलब्ध नाही. मावशीने उलट टपाली विचारलंय, मग तो भरायला कोणाला सांगायचं?